आठ इंचांचं भोक

माझ्या मामाला बाजारात भोकमिस्त्री म्हणतात. पहिल्यांदा ऐकणारा खुदकन हसतो आणि मामा समोरच उभा आहे हे कळलं की गोरामोरा होतो. मामाला त्याचं काही नाही. तो सुतार आहे, सगळी सुतारकी करतो, पण लाकडाला गोल भोक पाडायचं म्हटलं की बाकीचे सुतारसुद्धा गिऱ्हाइकाला त्याच्याकडे पिटाळतात. बेसिन बसवायची फळी, स्पीकरचं खोकं, ऑफिसच्या टेबलातून वायरी खाली सोडायची वाट, पाखरांसाठी टांगायच्या पेटीचं दार. गोल असलं की मामाकडे जा.

आणि वेळ घालवायचा असेल तरीही त्याच्याकडेच जा. काम दहा मिनिटांचं असेल तर हत्यार निवडायला मामा अर्धा दिवस घेतो. एक उचलतो, फळीवर धरतो, मान हलवतो, परत ठेवतो. "भोक पाडायला काय लागतं? ते उंदीरपण पाडतो. कशाने पाडायचं ते आधी ठरू दे," हे त्याचं ठरलेलं वाक्य. मी औषधांच्या दुकानात काम करते. समोर रांग लागलेली असताना मी असं गोळ्यांकडे बघत मान हलवत बसले तर मालक मला दुसऱ्या दिवशी घरी बसवेल. त्यामुळे मामाचं हे निवडणं बघितलं की माझं डोकं फिरतं. लहानपणापासून फिरतं.

त्याची आणखी एक सवय आहे. भोकातून जी लाकडाची चकती निघते ती तो टाकत नाही. तिच्या पाठीवर पेन्सिलीने लिहितो: कोणाचं काम, कुठलं हत्यार, काय चुकलं. मग ती तारेत ओवतो आणि तार भिंतीला. त्याच्या कारखान्याच्या, म्हणजे एका अरुंद खोलीच्या, दोन भिंती अशा चकत्यांनी भरल्यात. मी लहान असताना त्या वाचत बसायचे. "डॉक्टरांचं टेबल. जिगसॉ. घाई केली, खालून टवके उडाले." "शाळेचा ठोकळा. गिरमिट. हात थकला तेव्हा थांबायला हवं होतं." चुका लिहून भिंतीवर टांगणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. आम्ही बाकीचे तर त्या कपाटाच्या मागे ढकलतो.

तर झालं असं, की आई पडली. खुब्याचं हाड मोडलं, डाव्या बाजूचं. ऑपरेशन नीट झालं, पंधरा दिवसांनी वॉकर धरून घरी आली. पण आमचं संडास-न्हाणीघर बोळाच्या टोकाला, आणि मध्ये तीन पायऱ्या. त्या तीन पायऱ्या म्हणजे डोंगर. म्हणून मी आमच्याच दुकानातून प्लास्टिकची कमोडची खुर्ची आणली, पांढरीशुभ्र, खाली भांडं बसणारी.

आईने तिच्याकडे असं पाहिलं जसं काही मी घरात सासू आणून बसवली. "ही इथे मांडलीस की भिंतीसुद्धा म्हणतील, या घरात आजारी माणूस आहे. आणि डुगडुगते मेली. मी नाही बसणार."

"अगं, मग जाणार कुठे?"

"नाही जाणार."

मला वाटलं बोलून मोकळी झाली. पण आई बोलेल ते करणारी बाई आहे. जायला लागू नये म्हणून तिने पाणीच सोडलं. मी भरून ठेवलेला ग्लास संध्याकाळी तसाच. चहा दोन घोट घेऊन बाजूला. मी ओरडले, गोड बोलले, रुसले. ती फक्त ओठ ओले करायची. तिसऱ्या आठवड्यात लघवीची जळजळ आणि थंडी वाजून ताप. डॉक्टरांनी औषध दिलं आणि मला दाराबाहेर नेऊन स्पष्ट सांगितलं, "दिवसाला आठ ग्लास पोटात गेले पाहिजेत. पुन्हा असा ताप आला तर दाखल करावं लागेल, आणि या वयात किडनीवर गेलं तर मग माझ्या हातात काही राहणार नाही."

आत आले तर आई तिच्या खुर्चीत बसलेली, खिडकीशी. ती खुर्ची बाबांनी केलेली. बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्याला भिंग लावून तांदळाच्या दाण्याएवढे स्क्रू फिरवणं हे त्यांचं काम. लाकडाशी त्यांचा संबंध काय? पण माझ्या वेळी आईची पाठ फार दुखायची, म्हणून त्यांनी मामाच्या कारखान्यात चार महिने रोज दुपारी जाऊन ही खुर्ची बनवली. जन्मात केलेली एकुलती एक सुतारकी. बैठक एका अखंड फळीची, अठरा इंची चौकोन. बाबा गेले त्याला सहा वर्षं झाली. मी आणि खुर्ची एकाच वर्षीच्या, अडतीस वर्षांच्या. दोघींपैकी शांत ती.

"डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलं मी," आई म्हणाली. "पातळ दार आहे आपलं. असं कर, मामाला बोलाव. या खुर्चीलाच भोक पाडू दे."

मी उभीच राहिले. "या खुर्चीला? बाबांच्या?"

"बसायलाच केली ना त्यांनी? बसतेच आहे. फक्त एक अट. वर झाकण हवं आणि बाहेरच्या माणसाला ते झाकण आहे हे कळता कामा नये. शेजारच्या बायका येऊन बसतात माझ्याजवळ."

मला रडू आलं आणि त्याच वेळी हायसंही वाटलं. निदान काहीतरी ती मागत होती.

मामा त्याच संध्याकाळी आला. तो आईपेक्षा आठ वर्षांनी लहान, पण आता पांढरा आणि वाकलेला, चष्म्याला दोरी लावलेला. आईने सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. मला वाटलं, साहजिक आहे, बाबांची आठवण. तो खुर्चीजवळ खाली बसला आणि बैठकीच्या डाव्या कडेवरून बोट फिरवत राहिला, पुढून मागे, मागून पुढे.

"ताई, याला दुसरं काहीतरी करू. नवी खुर्ची करून देतो तुला."

"मला नवी नको. नव्या खुर्चीत मी एकटी बसेन."

मामा माप घेऊन गेला. भांड्याच्या मापाने आठ इंचांचं भोक.

दुसऱ्या दिवशी तो पिशवीभर हत्यारं घेऊन आला आणि सुरू झालं त्याचं निवडणं. वाटीसारखा गोल दातेरी कटर काढला. "यात अडचण काय, मधोमध टोचा लागतो. चकतीच्या पोटाला भोक पडणार. तिचं झाकण कसं करू?" झाकण त्याच चकतीचं करायचं हे त्याने पहिल्याच दिवशी ठरवलं होतं, म्हणजे लाकडाच्या रेषा जुळतील आणि कोणाला कळणार नाही. मला ते पटलं होतं. मग कटर गेला.

तिसऱ्या दिवशी राउटर. "हा अर्ध्या बोटाएवढं लाकूड खाऊन भुसा करतो. चकती ढिली होणार, भोकातून खाली पडेल." चौथ्या दिवशी जिगसॉ. "इंचभर जाड, जुनं, कडक लाकूड. पातं आत वाकतं. वर गोल आणि खाली बटाटा." पाचव्या दिवशी गिरमिट: रेषेवर ओळीने भोकं पाडून मधलं पटाशीने तोडायचं, त्याच्या वडिलांची रीत. "यात चकतीची कड कुरतडल्यासारखी होते." रोज यायचा, एक हत्यार बाद करायचा, खुर्चीच्या कडेवरून बोट फिरवायचा, चहा प्यायचा, जायचा. सहाव्या दिवशी नुसता बोट फिरवून गेला.

आणि आईचा ग्लास तसाच भरलेला. सातव्या दिवशी तिचं अंग पुन्हा कोमट लागलं. थर्मामीटरमध्ये काही आलं नाही, पण रात्री दोनदा उठून मी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

आठव्या दिवशी मी दुकानातून सुट्टी घेतली आणि तडक मामाच्या कारखान्यात गेले. मामा नव्हता, कुठे खिळे आणायला गेला होता. दार नुसतं लोटलेलं. मी वाट बघत बसले, आणि लहानपणीच्या सवयीने चकत्या वाचायला लागले. कोपऱ्यातल्या तारेवर एक चकती हाताला वेगळी लागली. तिची कड सरळ नव्हती, तिरकी होती. वरून मोठी, खालून लहान. पाठीवर लिहिलेलं: "धान्याच्या पेटीचा नमुना. पातळ हातकरवत, तिरकी धरून. चकती आपल्याच भोकात झाकण म्हणून बसली, खाली पडत नाही. चूक नाही."

खालची तारीख बघितली. एकवीस वर्षांपूर्वीची.

माझ्या डोक्यात सणक गेली. म्हणजे याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं! कुठलं हत्यार, कसं धरायचं, सगळं. मामा दारात आला तेव्हा मी ती चकती त्याच्या नाकासमोर धरली.

"हे काय आहे? तिकडे आई पाणी पीत नाही आणि तू आठ दिवस मला बटाटे आणि टोचे ऐकवतोस? चेष्टा चालली आहे का?"

मामाने पिशवी खाली ठेवली. स्टुलावर बसला. चष्मा काढला, पुसला, परत घातला नाही.

"त्या फळीत लोखंड आहे," तो म्हणाला.

"काय?"

"तुझ्या बाबांनी पाय ठोकून बसवताना फळी चिरली होती. डावीकडे, केसाएवढी चीर. त्यांना दिसली नाही. दिसली असती तर त्यांनी सगळं तिथंच सोडलं असतं. त्याआधी बासरी सोडली होती, पोहणं सोडलं होतं. आणि तिकडे ताई पाठ धरून बसलेली. मग ते संध्याकाळी घरी गेल्यावर मी कडेतून लांब भोकं पाडली, दोन सहा इंची खिळे डोकी छाटून सरसासकट आत घातले, चीर आवळली आणि वर लाकडाच्या खुंट्या मारून रेषा जुळवल्या. कोणाला कळलं नाही. ते जन्मभर सांगत राहिले, ही खुर्ची मी एकट्याने केली. माझ्यासमोर सांगायचे. मी मान डोलवायचो."

"मग त्यात काय एवढं?"

"खिळे नक्की कुठे आहेत ते मला आठवत नाही. आठ दिवस बोटाने शोधतोय. मीच बुजवलेलं मला सापडेना. करवत लोखंडावर गेली तर दात जातील ते जाऊ दे, पण धक्का बसून फळी त्याच चिरेवर उघडेल. भावजींची खुर्ची माझ्या हातून दोन तुकडे होईल. आणि तुकडे झाले की खिळे दिसतील. मग ताईला काय सांगू? तुझ्या नवऱ्याला मी जन्मभर फसवलं?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. म्हातारा माणूस, आठ दिवस पिशवी उचलून येत होता, आणि ही धास्ती पोटात. मला त्याची इतकी दया आली की मीच स्टूल ओढून त्याच्या शेजारी बसले.

"लोहचुंबक आहे का तुझ्याकडे?" मी विचारलं.

जुन्या स्पीकरमधलं एक जाडजूड चुंबक त्याच्याकडे होतं. दोऱ्याला बांधून फळीवर अधांतरी धरलं की खाली लोखंड असेल तिथे ओढ घेईल, असं ठरलं. "ताईला काय सांगायचं?" तो पुन्हा म्हणाला. मी म्हटलं, "लाकडातली ओल बघतोय म्हणून सांगू." काय थाप! पण त्या वेळी दुसरी सुचली नाही.

दुपारी आम्ही आईला पलंगावर बसवलं आणि खुर्ची खोलीच्या मधोमध घेतली. मामाने पातळ हातकरवत काढली, तिच्या शेजारी मोजपट्टी, पेन्सिल, मेणाचा तुकडा. मग दोऱ्याला टांगलेलं चुंबक फळीच्या डाव्या बाजूला धरलं. त्याचा हात इतका थरथरत होता की चुंबक सगळीकडेच ओढ घेत होतं.

आई बघत होती. दोन मिनिटं बघितलं असेल.

"खिळे शोधतोस का रे?" ती म्हणाली.

मामाच्या हातातून चुंबक सुटलं आणि ठक्कन फळीवर पडलं.

"डावीकडे दोन आहेत," आई म्हणाली. "एक पुढच्या कडेपासून चार बोटांवर. दुसरा मागच्या पायाच्या वीतभर अलीकडे. ह्यांनी मला भिंग लावून दाखवले होते खुंटीचे डाग."

"भावजींना माहीत होतं?" मामाने विचारलं.

"अरे, घड्याळजी ते. केसाएवढी चीर त्यांना दिसणार नाही तर कोणाला? त्या दिवशी संध्याकाळी घरी आले ते जेवलेच नाहीत. म्हणाले, फळी चिरली माझ्या हातून, उद्या तुझा भाऊ मला हाकलून देणार. आणि सकाळी गेले तर चीर गायब! भिंग लावून शोधलं तेव्हा खुंट्या दिसल्या. मला म्हणाले, इतक्या मायेने बुजवलंय, मी पाहिलं हे त्याला कळलं तर बिचारा ओशाळेल. आपण दोघांनी गप्प बसायचं."

"मग ते माझ्यासमोर सारखं 'एकट्याने केली, एकट्याने केली' का सांगायचे?"

आई हसायला लागली. ऑपरेशननंतर मी तिला पहिल्यांदा असं हसताना बघत होते, खुबा धरून. "तुझा चेहरा बघायला! तू मान डोलवताना कान लाल व्हायचे तुझे. घरी आल्यावर नक्कल करून दाखवायचे मला."

मामा जमिनीवर फतकल मारून बसला आणि एकदम मोठ्याने हसला, आणि हसता हसता रडायला लागला, आणि मग नाक पुसत परत हसला. "लबाड! अडतीस वर्षं! मी त्यांना फसवतोय म्हणून झुरतोय आणि ते मला!" माझाही जीव भांड्यात पडला. खोलीतून कोणीतरी जड कपाट उचलून बाहेर नेल्यासारखं वाटलं. अर्थात मी हेही म्हणाले, की ही गोष्ट आठ दिवसांपूर्वी कोणी कोणाला विचारली असती तर माझी एक रजा वाचली असती. दोघांनीही माझ्याकडे दुर्लक्ष केलं.

मामाने चुंबक उचललं आणि आईने सांगितलेल्या जागी धरलं. आता हात स्थिर होता. दोरा एकदम ताणला गेला, दोन्ही ठिकाणी. खिळे सहा इंची, मधोमध आठ इंचांचं भोक घेतलं तर मागचा खिळा रेषेच्या आत येत होता. मामा विचारात पडला. मग त्याने आईला खुर्चीवर बसवून पाहिलं. डावा खुबा दुखावल्यापासून ती उजवीकडे झुकून बसते, हे आम्ही रोज बघत होतो पण लक्षात घेतलं नव्हतं.

"भोक मधोमध नकोच," तो म्हणाला. "दीड इंच उजवीकडे. खिळापण वाचतो आणि ताईलापण तेच बरं पडेल."

मग काम सुरू झालं. मागच्या बाजूला रेषेवर एक बारीक भोक, करवतीचं टोक जाण्यापुरतं, तेही तिरकं. करवतीचा उतार हलू नये म्हणून लाकडाची एक छोटी पाचर, जिला टेकवून पातं चालवायचं. मी खुर्ची घट्ट धरून बसले. मामा दहा-बारा फेऱ्या ओढायचा, थांबायचा, फुंकर मारायचा. घाई नाही. मला पहिल्यांदाच ती घाई नसणं बरं वाटत होतं. डाव्या बाजूला रेषा खिळ्याच्या जवळून जायला लागली तेव्हा मी खुर्ची आणखी घट्ट धरली. मामा डोळे मिटून करवतीचा आवाज ऐकत होता. लाकडाचाच आवाज येत राहिला, एकसारखा. पातं पलीकडे निघालं तेव्हा त्याने कपाळावरचा घाम हाताच्या पाठीने पुसला.

दोन तासांनी चकती सुटली. मामाने खालून तळव्याने हलकेच टेकू दिला आणि ती वर उचलून घेतली. फळी अखंड, चीर जिथल्या तिथे बंद. त्याने चकतीच्या कडेला मेण घासलं आणि ती परत भोकात सोडली. ती उतारावर बसली, जेमतेम एक सूत खाली. लाकडाच्या रेषा एकीकडून दुसरीकडे सरळ गेलेल्या. करवतीचं टोक घालायला पाडलेल्या बारीक भोकातून त्याने चामड्याची छोटी वादी ओवली, उचलायला. खाली भांडं सरकवायच्या पट्ट्या तो घरूनच करून घेऊन आला होता. म्हणजे एवढे आठ दिवस तो अगदीच बसून नव्हता.

"ही चकती काही भिंतीवर जायची नाही," मी म्हटलं.

"लिहायला तर हवं," मामा म्हणाला. त्याने ती उलटी केली, पेन्सिल ओली केली. मग लिहिलं: "ताईची खुर्ची. पातळ हातकरवत, तिरकी. भावजींना माहीत होतं." चूक काय झाली ते लिहिलं नाही.

आई वॉकर धरून उठली आणि आपल्या खुर्चीत बसली. इकडे झुकली, तिकडे झुकली. हाताने वादी चाचपली. डुगडुग नाही, काही नाही. खिडकीतून शेजारची बाई दिसली तर तिला "या ना बसायला" म्हणून हाकसुद्धा मारली. ती आली, खुर्चीला हात टेकवून पाच मिनिटं बोलली, आणि गेली. तिला काही म्हणजे काही कळलं नाही. आई माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होती.

मग म्हणाली, "पाणी आण."

मी ग्लास भरून दिला. नेहमीसारखी ओठ ओले करेल म्हणून मी तो परत घ्यायला हात पुढे करून तिथेच उभी राहिले. तिने ग्लास तोंडाला लावला आणि खाली ठेवलाच नाही. घटाघटा, मान मागे टाकून, शेवटच्या थेंबापर्यंत. मामा करवत पिशवीत घालता घालता थांबला.

रिकामा ग्लास आईने माझ्या पुढे केलेल्या हातात दिला.

"अजून एक," ती म्हणाली.